क्रिएटिनिन वाढलं की गोळी बंद? किडनीची नवी औषधं आणि जुनी भीती

केमिस्ट_कोपरा

मंडळी, औषधाच्या काउंटरवर हल्ली एक प्रकार सारखा दिसतो, त्यावर जाणकारांनी बोलावं म्हणून हा धागा.

मधुमेहाच्या पेशंटला डॉक्टर डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ सुरू करतात. तीन आठवड्यांनी घरचे कॅम्पमध्ये रक्त तपासून आणतात. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.४ चं १.५५ झालेलं. घरात एकच गलका, किडनी वाचवायला दिलेल्या गोळीनेच किडनी घालवली! गोळी बंद. महिन्याने क्रिएटिनिन परत १.४, आणि सगळ्यांची खात्रीच पटते.

गंमत अशी की किडनीच्या आजारात इतकं काही हाताशी कधीच नव्हतं. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने मधुमेही किडनीचा ऱ्हास मंदावतो हे दिसलं, २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन आले, आणि मग जवळजवळ दोन दशकं सामसूम. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन आणि फिनेरेनोन, २०२२ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड यांच्या किडनीवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. आपल्याकडे डापाची जेनेरिक गोळी २०२० च्या अखेरीपासून मिळते. एम्पाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. म्हणजे पैशाची अडचण बरीच सुटली, आता अडतंय ते रिपोर्टच्या एका आकड्यावर.

तर प्रश्न: सुरुवातीची ही वाढ कितपत चालते, कधी घाबरायचं, आणि गोळी सुरू होण्याआधी काय तपासलेलं असावं?

टवाळ_टप्पू

रिपोर्टात ठळक 'एच' दिसला की आपल्याकडे आधी गोळी बंद होते, मग समोरच्या काकूंचा सल्ला सुरू होतो. डॉक्टरांचा नंबर तिसरा.

ग्लोमेरुलस

यंत्रणा कळली की निम्मी भीती जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं जवळपास सगळं परत शोषलं जातं, लघवी होते ती दीड-दोन लिटर. या द्रवातून १८० ग्रॅमच्या आसपास साखर जाते, ती नळीच्या सुरुवातीलाच परत घेतली जाते आणि त्यातलं ९० टक्के काम एसजीएलटी२ नावाचं प्रथिन करतं. ते साखरेबरोबर सोडियमही आत ओढतं. मधुमेहात साखर जास्त, म्हणून हे प्रथिन जादा राबतं आणि नळीत पुढे बसलेल्या मॅक्युला डेन्सा पेशींपर्यंत सोडियम कमी पोचतं. त्यांना वाटतं गाळणच कमी होतंय. मग त्या रक्त आणणारी वाहिनी सैल सोडतात आणि केशिकांच्या गुच्छातला दाब वाढतो. हा दाब वर्षानुवर्षं राहिला की पडद्यातून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत गळायला लागतं आणि एकेक गुच्छ कडक होऊन कायमचा बंद पडतो.

डापा किंवा एम्पा त्या प्रथिनाला अडवतात. सोडियम पुढे पोचतं, आणणारी वाहिनी आवळली जाते, दाब उतरतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही रक्तदाबाची औषधं दुसऱ्या टोकाला काम करतात, रक्त नेणारी वाहिनी रुंद करतात. टाकीत येणारा नळ जरा आवळला आणि बाहेरचा सोडला की टाकीवरचा ताण कमी होतो, तसंच. पण दाब उतरला की गाळणही थोडं घटणार, म्हणजेच क्रिएटिनिन थोडं वाढणार. म्हणून ही वाढ म्हणजे बहुतेक वेळा गोळी काम करतेय याची खूण असते. गोळी थांबवली की आकडा सुधारतो, कारण गुच्छावर तोच जुना दाब परत येतो.

डापाच्या चाचणीत ४,३०४ लोक होते, त्यातल्या साधारण एकतृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. गाळण निम्म्यावर येणं, डायलिसिसची वेळ येणं, किडनीमुळे किंवा हृदयविकाराने मृत्यू, या सगळ्यांचं मिळून प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तेव्हा 'शुगरची गोळी, मला शुगर नाही, चुकून लिहिली' असं समजून ती परत करणाऱ्यांनाही काउंटरवर थांबवा.

लॅबवाली

केमिस्ट साहेबांच्या उदाहरणातलं क्रिएटिनिन आधी ई-जीएफआरमध्ये, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याच्या अंदाजात, बदलू. नुसतं क्रिएटिनिन फसवतं.

२०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने साठीच्या पुरुषाचं १.४ म्हणजे ई-जीएफआर सुमारे ५८. १.५५ म्हणजे ५१. घट १२ टक्के. आता तेच १.४ साठीच्या बाईचं असेल तर ४३! आणि साठीच्या बाईचं १.१, जे बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत बसतं, ते आहे ५८ च्या आत. म्हणजे 'नॉर्मल'चा शिक्का मारून मूत्रपिंडरोगाचा तिसरा टप्पा (ई-जीएफआर ३० ते ५९) घरी पाठवला जातो. रिपोर्टवर ई-जीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढ्यावर तो निघतो, वेगळं रक्त लागत नाही.

आणि मूळ प्रश्नाचा तिसरा भाग, आधी काय तपासावं? लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, एसीआर. ही तपासणी बहुसंख्य 'किडनी प्रोफाइल'मध्ये नसते. युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड असतं, पण गळतीचं मोजमापच नाही.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी, आदल्या दिवशी झालेला जबरदस्त व्यायाम, यांपैकी काही असेल तर पुढे ढकला. हिशेब असा: अल्ब्युमिन ६० मिग्रॅ प्रति लिटर आणि क्रिएटिनिन ८० मिग्रॅ प्रति डेसिलिटर आलं, तर ६० भागिले ०.८ म्हणजे ७५ मिग्रॅ प्रति ग्रॅम. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. एका नमुन्यावर शिक्का मारायचा नाही. आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर दीर्घकालीन आजार म्हणायचं.

पट्टीच्या तपासणीवर विसंबू नका. पट्टी अल्ब्युमिनची तीव्रता पाहते. भरपूर पाणी पिऊन दिलेल्या पातळ लघवीत थोडी गळती लपते, आणि लघवी फार अल्कधर्मी असेल तर नसलेली गळती दिसते. शिवाय पट्टीला मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातली हलकी प्रथिनं जवळजवळ दिसतच नाहीत. पट्टी 'निल', पण सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकल्यावर लघवी गढूळ, असं झालं तर ते लगेच डॉक्टरांच्या नजरेस आणा.

सातासमुद्रापार

लॅबवालीताई, छान. इंग्लंडातून आई-बाबांचे रिपोर्ट जुळवणाऱ्यांसाठी भर घालते. इकडचं क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असतं, ८८.४ ने भागलं की भारतातला आकडा. एसीआर इकडे मिग्रॅ प्रति मिलीमोल, त्यामुळे इकडचा ३ म्हणजे तिकडचा सुमारे ३०. 'बाबांचं ३० आणि माझं फक्त ३' अशी तुलना करू नका, दोघं एकाच पायरीवर आहात.

निवृत्त_नाडी

थोडा विरोधी सूर लावतो. ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांचा ई-जीएफआर ५०, एसीआर १०, रक्तदाब ताब्यात. त्यांनाही 'तिसऱ्या टप्प्याचा मूत्रपिंडरोग' म्हणायचं का? वयाप्रमाणे गाळण घटतंच. या वयात अशा माणसाला डायलिसिस लागण्याची शक्यता नगण्य, पण निदानाच्या धसक्याने त्यांची डाळ-उसळ बंद होते आणि स्नायू झडतात. औषध कंपन्यांना काय, टप्पे वाढले की गोळ्या वाढल्या.

ग्लोमेरुलस

@निवृत्त_नाडी, यातल्या बऱ्याचशा भागाशी सहमत. म्हणूनच एसीआरचा आग्रह. तुमच्या आजोबांचा धोका कमी आहे हे एसीआर १० मुळेच सांगता येतं. तेच ५० आणि एसीआर ८०० असतं तर चित्र पूर्ण वेगळं. अशा वेळी पडताळणीची एक तपासणीही आहे, सिस्टॅटिन-सी. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून हडकुळ्या म्हातारपणात ते खोटं कमी आणि व्यायामशाळेतल्या पोराचं खोटं जास्त दिसतं. सिस्टॅटिन-सीवर स्नायूंचा तसा परिणाम नाही. मात्र स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार, लठ्ठपणा आणि धूम्रपान त्याला हलवतात.

डाळ बंद करण्याबद्दल तर दुप्पट सहमत. डायलिसिसवर नसलेल्यांना दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिन पुरतं. साठ किलोला ४८ ग्रॅम. त्यात वाटीभर वरण, दही, उसळ सहज बसतं. आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवावं लागतं, १ ते १.२ ग्रॅमपर्यंत. कित्येक घरांत तेव्हाही जुनंच पथ्य चालू असतं.

चकली_बंद

आहाराचा विषय निघालाच आहे तर मिठाबद्दल लिहिते, कारण तिथे सगळ्यात मोठी गफलत होते.

दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. पापड, लोणचं, फरसाण, खारी, सुकी मासळी यातच निम्मं संपतं. पापडखार आणि खायचा सोडा म्हणजेही सोडियमच. म्हणून लोक 'कमी सोडियमचं मीठ' आणतात. त्यात सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइड घेतं. निरोगी माणसाला ते चांगलं, पण टेल्मिसार्टन चालू, ई-जीएफआर ३५, वरून हे मीठ आणि रोज शहाळं, हा हृदयाचे ठोके बिघडवण्याचा रस्ता आहे. सैंधवात अशी काही जादू नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

पोटॅशियम जास्त असेल तर बटाटा, सुरण, रताळं सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. नुसतं भिजवून फारसं निघत नाही. पालेभाजीचंही तेच. उकळलेलं पाणी आमटीत घातलं की सगळं मुसळ केरात.

कोकण-गोव्याकडच्यांसाठी दोन फळं. करमळं, म्हणजे कापल्यावर चांदणी दिसते ते आंबट फळ, किडनी निकामी असलेल्याने अजिबात खाऊ नये. त्यातलं विष मेंदूवर जातं, न थांबणारी उचकी ही पहिली खूण. आणि कोलेस्टेरॉलसाठी बिंबल्यांचा रस पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साठून ती अचानक बंद पडल्याच्या नोंदी केरळात झाल्या आहेत. आमटीत चार बिंबली चालतात. पेलाभर रस नको.

टवाळ_टप्पू

आणि ते 'बीअर प्या, किडनी धुऊन निघते'? मित्रमंडळाच्या वतीने विचारतोय.

चकली_बंद

मित्रमंडळाला सांगा, पाण्यानेही लघवी होते. स्वस्तात.

पंचकर्मी

सगळं ॲलोपॅथीचंच गुणगान चाललंय. काढ्याने क्रिएटिनिन २.४ वरून १.८ वर आलेले कितीतरी रिपोर्ट दाखवता येतात.

लॅबवाली

@पंचकर्मी, तसे रिपोर्ट खरे असू शकतात, अर्थ वेगळा निघतो. मांसाहार बंद केला, प्रथिन कमी केलं, स्नायू घटले, तरी क्रिएटिनिन उतरतं आणि किडनी होती तिथेच राहते. जुलाबाने किंवा डायक्लोफिनॅकने तात्पुरती बिघडलेली किडनी आपोआप सावरते, त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. उलट बाजूही आहे. सल्फा-ट्रायमेथोप्रिमची गोळी नळीतून बाहेर जाणारं क्रिएटिनिन अडवते, म्हणून गाळण तेवढंच राहूनही आकडा वाढतो. सुधारणा म्हणायची तर एसीआर किती उतरला आणि ई-जीएफआर वर्षभरात कसा चालला हे दाखवावं लागेल.

ग्लोमेरुलस

पारंपरिक औषधांचा विषय निघालाय तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांतला एक फार मोठा उलगडा सांगून टाकतो. 'मेम्ब्रेनस' नावाचा आजार, ज्यात पाय सुजतात, लघवीला फेस येतो, दिवसाला चार-पाच ग्रॅम प्रथिन जातं. त्याचं कारण बहुतेकदा 'अज्ञात' लिहिलं जायचं. २००९ मध्ये कळलं की प्राथमिक रुग्णांतल्या सुमारे ७० टक्के लोकांत शरीर पीएलए२आर या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. आता ती रक्तात मोजता येतात. पातळी स्पष्ट वाढलेली असेल आणि बाकी चित्र जुळत असेल तर कित्येकदा बायोप्सी टळते, आणि रिटुक्सिमॅब दिल्यावर लघवी सुधारायच्या आधी ही पातळी उतरते. औषध लागू पडतंय हे काही महिने आधी कळतं.

नंतर प्रतिपिंडं ज्यांच्यावर हल्ला करतात अशी आणखी प्रथिनं सापडली, त्यातलं एक एनईएलएल-१. पाश्चात्त्य देशांत ते दिसलं की कर्करोग शोधतात. आपल्याकडे दक्षिणेतल्या डॉक्टरांना वेगळंच दिसलं: पारा असलेली पारंपरिक औषधं आणि गोरं करणारी क्रीमं. केरळातल्या मलप्पुरम भागातल्या मालिकेत मेम्ब्रेनसच्या २२ पैकी १५ रुग्णांत एनईएलएल-१ निघालं आणि त्या १५ पैकी १३ जण अशी क्रीम वापरत होते. महाराष्ट्रातही असे रुग्ण नोंदले गेलेत. चांगली बाब ही की क्रीम किंवा भस्म बंद केलं की बऱ्याच जणांची गळती काही महिन्यांत ओसरते, जालीम औषधं लागतच नाहीत. म्हणून पाय सुजलेल्या तरुण मुलीला 'चेहऱ्याला काय लावतेस' हे विचारलंच पाहिजे. ज्या डबीवर घटक आणि उत्पादकाचा पत्ता नाही, ती वापरू नये.

पंचकर्मी

शास्त्रोक्त शोधन-मारण केलेलं भस्म आणि ब्यूटी पार्लरची डबी एका माळेत ओवू नका. हा अन्याय आहे.

केमिस्ट_कोपरा

वैद्यबुवा, मुद्दा रास्त आहे, पण पुडीतल्या भस्मावर ना बॅच नंबर, ना जड धातूंचा रिपोर्ट. शोधन झालंय की नाही हे घेणाऱ्याला कसं कळायचं? आणि वनस्पती म्हणजे निर्धोक हेही नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन कमी करायच्या वनौषधीत ॲरिस्टोलोकिक आम्ल गेलं आणि कित्येक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, पुढे मूत्रमार्गाचे कर्करोगही झाले. आपली ईश्वरी, म्हणजे सापसन, त्याच कुळातली.

पंचकर्मी

ईश्वरीबद्दल मान्य. ती देऊ नये.

टवाळ_टप्पू

धाग्यावर कुणीतरी काहीतरी मान्य केलं! वाचनखूण साठवली.

खारपाण

एसीआरची आरती चाललीय ती बरोबर, पण एक धोक्याची सूचना.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, भूजल खारट आहे आणि तिथल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. आंध्रातलं उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतले उसाचे मळे, इथेही मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या शेतमजुरांची मूत्रपिंडं जातात. जड धातू, कीटकनाशकं, उन्हातले कष्ट आणि वारंवार शोष पडणं, पाण्यातली रसायनं, वेदनाशामक गोळ्या, सगळ्यांवर संशय आहे, एकावर बोट ठेवता आलेलं नाही.

मुद्दा असा की हा आजार गुच्छांचा नाही, नळ्यांचा आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतीचा आहे. त्यात अल्ब्युमिन फारसं गळत नाही. एसीआर १५, सूज नाही, रक्तदाब नॉर्मल, आणि ई-जीएफआर ३८. इथे नुसता एसीआर पाहून 'ठीक' म्हणाल तर फसाल. दोन्ही तपासण्या लागतात. आणि शेतावर अंगदुखीसाठी रोजची डायक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल गोळी, तीही शोष पडलेला असताना, हे सगळ्यात आधी थांबवण्यासारखं आहे. त्यात रक्तदाबाची सार्टन गोळी आणि पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून दोन दिवसांत किडनी बंद पाडू शकतात.

ग्लोमेरुलस

+१. शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. भर एवढीच की एम्पाच्या चाचणीत ई-जीएफआर २० ते ४५ असलेले लोक एसीआर कितीही असला तरी घेतले होते. त्यामुळे कमी गळतीवाल्यांचं गाळणही सावकाश घटतं हे त्यात दिसलं, फायदा मात्र गळतीवाल्यांपेक्षा लहान.

पाण्याचा_माणूस

डायलिसिस विभागाच्या पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून हा प्रतिसाद. मिनिटाला ५०० मिली द्रव, चार तास, म्हणजे एका वेळेला १२० लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून रुग्णाच्या रक्ताला भिडतं. पिण्यालायक पाणी इथे चालत नाही. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन-क्लोरामाइन आरओ नीट अडवत नाही. ते कार्बनच्या टाकीत संपलं पाहिजे, नाहीतर रक्तपेशी फुटतात. म्हणून एकामागे एक दोन कार्बन टाक्या, आणि प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी पहिल्या टाकीनंतरच्या पाण्याची तपासणी, एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिग्रॅच्या वर नको. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं आणि त्यात कुणी क्लोरीन सढळ हाताने ओतलं असेल तर जी टाकी एरवी महिनोन् महिने चालते ती आठवड्यात दम तोडते. विभागात गेल्यावर नातेवाइकांनी क्लोरीनची नोंदवही पाहायला मागावी. चांगला तंत्रज्ञ राग मानत नाही.

नव्यातलं म्हणाल तर हिमोडायाफिल्ट्रेशन, म्हणजे रक्तातला जास्त द्रव ओढून त्या जागी शुद्ध द्रव भरणारं डायलिसिस. २०२३ च्या युरोपातल्या चाचणीत एका सत्रात २३ लिटर किंवा जास्त द्रव ओढून बदलला, तर मृत्यूचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आलं. पण त्यासाठी पाणी आणखी शुद्ध हवं आणि फिस्टुलाचा (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीचा) प्रवाह दणदणीत हवा. आठवड्याला दोनच डायलिसिस परवडणाऱ्या रुग्णाला आधी तिसरं मिळवून द्या, मग यंत्र बदला.

रक्त वाढवायला इंजेक्शनऐवजी डेसिडस्टॅट ही गोळी भारतात २०२२ पासून आहे. पेशींना ऑक्सिजन कमी असल्याचं कसं कळतं या २०१९ च्या नोबेलच्या कामावर ती उभी आहे. शीतपेटीची कटकट नाही, खेड्यात सोयीची. हिमोग्लोबिन मात्र १३ च्या वर नेण्याचा हट्ट कोणत्याच औषधाने करू नये, पक्षाघाताचा धोका वाढतो.

सातासमुद्रापार

डुकराच्या किडनीचं पुढे काय झालं? मध्यंतरी फार गाजावाजा होता.

ग्लोमेरुलस

मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जिवंत रुग्णाला पहिल्यांदा बसवली. त्या डुकरात ६९ जनुकीय बदल होते: त्याच्या जनुकसंचात दडलेले ५९ विषाणू निकामी केलेले, माणसाचं शरीर ज्यांच्यावर तुटून पडतं अशा ३ शर्करांची जनुकं काढलेली, ७ मानवी जनुकं घातलेली. रुग्ण दोन महिन्यांच्या आत वारला. रुग्णालयाने प्रत्यारोपण हे कारण असल्याचं दिसत नाही असं सांगितलं. त्यानंतर तिथेच जानेवारी २०२५ मध्ये बसवलेली किडनी २७१ दिवस चालली आणि मग काढावी लागली. लहान पल्ल्याचा पूल म्हणून आशा आहे. वीस वर्षं चालणाऱ्या आईच्या किडनीशी बरोबरी अजून नाही.

टवाळ_टप्पू

शाकाहारी माणसाला बसवली तर चतुर्थी मोडते का, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

केमिस्ट_कोपरा

टप्पूशेठ, काढा, पण तिकडे! मूळ प्रश्नावर येऊ. ग्लोमेरुलस, घट किती चालते ते आकड्यात सांगा. आणि काउंटरवर कोणती जोडी दिसली की थांबवायचं?

ग्लोमेरुलस

आकड्यात:

डापा किंवा एम्पा सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत ई-जीएफआर तीन ते पाचने उतरणं नेहमीचं. मूळच्या ३० टक्क्यांपर्यंत घट असेल तर चालू ठेवायची. तुमच्या उदाहरणातली १२ टक्के तर काहीच नाही. ३० च्या पुढे गेली तर आधी गोळीला नाही, परिस्थितीला धरा: जुलाब-उलट्या झाल्या का, पाणी काढणारी गोळी जास्त होतेय का, वेदनाशामक घेतलं का. ती कारणं दूर करून पुन्हा तपासा. सार्टन किंवा प्रिल गटाच्या औषधालाही हाच ३० टक्क्यांचा नियम, पण त्यात पोटॅशियमही दोन ते चार आठवड्यांत तपासायचं. दोन्ही मूत्रपिंडांच्या रोहिणी अरुंद असतील तर सार्टनने क्रिएटिनिन झपाट्याने चढतं. तिथे थांबावंच लागतं. आणि 'किडनी फार गेली, आता सार्टन बंद करू' हाही समज २०२२ च्या चाचणीत टिकला नाही. प्रगत आजारात थांबवून किडनीला फायदा झाला नाही.

फिनेरेनोनचं गणित वेगळं. ते टाइप २ मधुमेह आणि लघवीत अल्ब्युमिन असलेल्यांसाठी. ई-जीएफआर ६० किंवा वर तर २० मिग्रॅ, २५ ते ६० मध्ये १० मिग्रॅ. पोटॅशियम ५ च्या वर असेल तर सुरूच करत नाहीत, चार आठवड्यांनी परत पाहतात, ५.५ ओलांडलं की थांबवून खाली आल्यावर १० मिग्रॅने पुन्हा सुरू.

आता जोडी. फिनेरेनोनबरोबर इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन नाही. आपल्याकडे नायट्याला इट्राकोनॅझोल शेंगदाण्यासारखं वाटलं जातं आणि त्वचेच्या डॉक्टरांना फिनेरेनोनचं ठाऊक नसतं. डापाने जननेंद्रियाला बुरशी होते, त्यासाठी दिलेलं फ्लुकोनॅझोलही फिनेरेनोनची पातळी थोडी वाढवतं. एका मात्रेने आकाश कोसळत नाही, पण दर आठवड्याची चालू असेल तर पोटॅशियम पाहायला हवं.

लॅबवाली

पोटॅशियम ५.८ आलं म्हणून औषध फेकण्याआधी नमुना पाहा. तालुक्याच्या संकलन केंद्रावर रक्त घेतलं, सीरम वेगळं न करता फ्रिजमध्ये ठेवलं आणि रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला पाठवलं, तर थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पट्टा आवळून मूठ उघडझाप करायला लावली तरी वाढतं. रक्त घेतल्यावर तासाभरात फिरवून वेगळं करणाऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासा. ईसीजीत बदल किंवा अशक्तपणा असेल तर मात्र पुन्हा तपासण्याची वाट पाहू नका, थेट रुग्णालय.

चकली_बंद

एक प्रश्न राहिला. हरितालिकेचा निर्जळी उपवास आणि डापा?

ग्लोमेरुलस

निर्जळी उपवासाच्या दिवशी घेऊ नये. जुलाब-उलट्या, ताप आणि खाणं बंद, अशा दिवशीही डापा, सार्टन, पाणी काढणारी गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायचं, नीट जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की परत चालू. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी डापा-एम्पा तीन दिवस बंद. कारण उपाशीपोटी या गोळ्यांनी रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठू शकतात, आणि तेव्हा साखर २०० च्या आतही असू शकते, त्यामुळे ग्लुकोमीटर पाहून कुणाला संशय येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास असेल तर रुग्णालयात 'ही गोळी चालू आहे, रक्तातले किटोन पाहा' हे स्वतःहून सांगायचं. टाइप १ मधुमेहात तर हा धोका इतका आहे की त्यांना या गोळ्या देतच नाहीत.

चकली_बंद

आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास?

ग्लोमेरुलस

तो उपवास नाही, जेवण आहे. गोळी चालू ठेवा, शेंगदाणे आणि बटाटा मोजून.